थांबलेला ठिपका

पाडव्याच्या दिवशी दुपारी पाऊण वाजता उंद्रीतला ठिपका थांबला आणि बघता बघता लाल झाला. ठिपका चालता असला की हिरवा असतो, पाच मिनिटं एका जागी राहिला की नारिंगी होतो, दहा मिनिटांनी लाल. महामायाच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की झोपेतसुद्धा तिला चिखली तालुक्याचा नकाशा दिसे आणि त्यावर हिरवे ठिपके मुंग्यांसारखे गावोगाव फिरत असत. आज तीनच ठिपके होते, म्हणजे पार्सल पोचवणारी तीनच माणसं. प्रज्वल शहरात, रंगराव मेहकर रस्त्याला आणि प्रेमानंदभाऊ उंद्रीच्या बाजूला. चौथ्या इंद्रभानची आज सुट्टी होती. खामगाव रस्त्यावरच्या, बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात हे पार्सलचं केंद्र होतं. पत्र्याला अजून सरकीचा वास होता आणि ऊन तापलं की तो खाली उतरायचा. महामाया एका हातानं राहिलेल्या गोण्यांची यादी जुळवत होती, दुसऱ्या हातानं छातीवरची ओढणी सारखी करत होती. दूध भरून आलं होतं. सासूबाई बाळाला घेऊन रोज दीड वाजता यायच्या, पण आज पाडवा, ऑटो मिळेल की नाही कोण जाणे. बाळ दहा महिन्यांचं होतं आणि वेळेचं मोठं पक्कं होतं. घड्याळ चुकेल पण तिचं लेकरू चुकायचं नाही. ते तिकडे घरी ओठ मुडपायला लागलं की इकडे हिचं अंग जड व्हायचं. मध्ये तीन किलोमीटर असले तरी.

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याचे झोनचे साहेब. त्यांचा आवाज नेहमी नुकताच चहा घेतल्यासारखा असे. "महामाया, हॅपी पाडवा! अहो, तुमचा एक रायडर आयडल दाखवतोय. उंद्री. अकरा मिनिटं झाली. आज आपण झोनमध्ये पहिले आहोत, माहितीये ना? साडेपाचच्या मीटिंगला तुम्हाला बोलायचंय. एवढ्या छोट्या गोष्टीसाठी नंबर जायला नको." ती म्हणाली, "हो सर, विचारून राहिले," आणि लगेच जीभ चावून म्हणाली, "विचारते सर." प्रशिक्षणाला पुण्याला गेली होती तेव्हा 'करून राहिले' म्हटल्यावर मागच्या रांगेतल्या दोन मुली एकमेकींकडे बघून हसल्या होत्या. त्या मुली दिसायला वाईट नव्हत्या, वागायलाही नव्हत्या. जेवताना त्यांनीच तिला शेजारी बोलावलं होतं. पण ते हसू काही विरघळलं नव्हतं. पुण्याचा फोन आला की ते आधी येऊन बसायचं, मग शब्द यायचे.

तिनं प्रेमानंदभाऊंना फोन लावला. दोन रिंगांत उचलला. मागे कपबशांचा आवाज होता, पुष्कळ माणसं एका खोलीत असल्यासारखा. कुणी बाई म्हणत होती, "घ्या ना पाव्हणे, एवढंसं त घ्या." आणि एक जाड पुरुषी आवाज, "पण पोरीचे वडील कुठी गेले? त्यायले बसू द्या ना आधी."

"हाव ताई," प्रेमानंदभाऊ हळू आवाजात म्हणाले.

"भाऊ, उंद्रीत थांबले का? पुण्याहून फोन होता. लाल दाखवून राह्यलं."

"पार्सल माह्या घरचंच होतं ताई. कपाचा डबा. पोरीनं मांगवला होता. आज पाव्हणे येणार म्हणून." ते पुढे म्हणाले, "रोहिणखेडचे हायेत. तिले पाह्याले आले. मी दारातून जाणारच होतो, पण ते म्हणे बसा, म्हणून जरासा टेकलो."

महामायाच्या तोंडून शब्द आला तो "बरं" एवढाच. बरं म्हणजे काय? बसा, असं बरं, की निघा, असं बरं? तिलाच ठाऊक नव्हतं. पलीकडच्यानं मात्र त्याचा एकच अर्थ घेतला. "निघालोच," ते म्हणाले, आणि फोन बंद होता होता तिला तोच जाड आवाज ऐकू आला, "साहेबाचा फोन का?" आणि प्रेमानंदभाऊंचं उत्तर, "नाही जी, आमच्या ताईचा."

ठिपका हलला. लाल होता तो हिरवा झाला आणि अमडापूरच्या दिशेनं शहाण्यासारखा चालू लागला. महामाया त्याच्याकडे पाहत राहिली. मग एकदम तिनं परत फोन लावला. थांबा म्हणावं, परत जा, घरी बसा, मी पाहते पुण्याचं. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. वाजत राहिली. गाडीवर असताना फोन उचलायचा नाही, हा नियम तिनंच केला होता. जूनमध्ये रंगराव पडता पडता वाचला तेव्हा. भिंतीवर तिच्याच अक्षरात तो लावलेला होता. चौघांपैकी एकच माणूस तो काटेकोर पाळत असे.

ती खुर्चीतून उठली आणि गोदामाच्या कोपऱ्यातल्या आडोशाजवळ जाऊन उभी राहिली. हा आडोसा फ्रिजच्या एका मोठ्या खोक्याचा होता. बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर आली त्या दिवशी सासूबाई बाळाला घेऊन आल्या, आणि अख्ख्या गोदामात बसायला एक आडबाजूची जागा नव्हती. ती शेवटी शौचालयात जाऊन उभ्यानं पाजत होती, बाळ वासानं तोंड फिरवत होतं आणि दोघंही रडत होती. बाहेर आली तेव्हा जो तो आपापल्या गोण्या मोजत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र कोपऱ्यात फ्रिजचं खोकं उभं चिरून लावलेलं होतं, पुढे धुतलेल्या गोणीचा पडदा, आत एक प्लास्टिकची खुर्ची, आणि खुर्चीवर चौपदरी घडी केलेली जुनी चादर. प्रेमानंदभाऊ दूर उभे राहून चिकटपट्टी दातानं तोडत होते. "लेकराले हवा लागली पायजे म्हणून वर मोकळं ठेवलं," एवढंच म्हणाले होते. खोक्याची छापील बाजू आत आली होती, तीही उलटी. त्यामुळे रोज बाळाला पाजताना तिच्या डोळ्यांसमोर खाली डोकं वर पाय असलेला काचेचा पेला असे आणि त्याखाली उलट्या अक्षरात, जपून हाताळा.

आणि त्याच माणसाचा पाडवा तिनं काढून घेतला होता.

काढून घेतला, असं तिनं आजवर स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. अदलाबदल, असं म्हटलं होतं. आधीचे प्रमुख महादेवराव असताना चिठ्ठ्याबिठ्ठ्या नव्हत्या. दिवाळी आली की ते खडू घेऊन फळ्यावर लिहीत, चारी दिवस प्रेमानंद. विचारायचे नाहीत. "तुमच्यात दिवाळी नसते, तुले काय फरक पडते?" म्हणायचे, तेही लाडानं. आणि त्या बदल्यात दसरा, सहा डिसेंबर, चौदा एप्रिल हे तीन दिवस न मागता त्यांना सोडत. तुमचं तुमच्याले, आमचं आमच्याले. सगळ्यांना ही वाटणी पसंत होती. प्रेमानंदभाऊ दर दसऱ्याला पांढरे कपडे घालून नागपूरला जात आणि येताना सगळ्यांसाठी संत्री आणत. महामाया तेव्हा स्कॅनरवर बसायची. तिला ती वाटणी आतून कुरतडायची. कारण तिनं ती फार लहानपणी पाहिली होती.

तिचे वडील मेहकरला एका कचेरीत शिपाई होते. दर दिवाळीला कचेरीची राखण त्यांच्याकडे. आई सुट्टीची घरी माहेरपणाला आलेल्या नणंदांचं करत असायची, घर पोरांनी भरलेलं असायचं. त्यांच्यात दिवाळी नसे, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि आई दिवे लावत नसे. पण जगाला सुट्टी दिवाळीतच मिळे, तर माणसं येणार तरी कधी? आत्या, काका, मावसभावंडं सगळी त्याच चार दिवसांत येत, आणि ज्याच्या घरी येत तो माणूस कचेरीच्या दारात स्टुलावर. आठ वर्षांची महामाया त्यांची भाकर घेऊन जायची. कचेरीच्या व्हरांड्यात टेबलावर ताटल्या मांडलेल्या असायच्या, वर्तमानपत्रानं झाकलेल्या. मोठ्या बाबूंकडची, लहान बाबूंकडची, साहेबांकडची. चकली, अनारसा, करंजी. राखणीला बसलेल्या माणसासाठी प्रत्येक घरून एक ताटली. वडील त्यातलं काही खात नसत, भाकर खायचे. ताटल्या घरी यायच्या आणि आत्यांची पोरं त्यांवर तुटून पडायची. एका दिवाळीला तिनं विचारलं होतं, "बाबा, तुम्ही साहेबाले काऊन नाही म्हणत, मले पण घरी राह्यचं हाय म्हणून?" ते रस्त्याकडे पाहून खोकले. मग म्हणाले, "आपल्याले सण नसला म्हणून माणसाले घर नसते का, माय? पण हे मी तुले सांगून राह्यलो. त्यायले कसं सांगू?" हे वाक्य तिच्या डोक्यातून इतकी वर्षं कुठे गेलं होतं कोण जाणे. आत्ता, दुपारी एक वाजता, सरकीच्या वासात ते जसंच्या तसं समोर आलं, बाबांच्या खोकल्यासकट.

म्हणून ती प्रमुख झाल्यावर पहिल्यांदा तिनं काय केलं तर महादेवरावांचा फळा पुसला. सगळ्यांना एकच नियम. दसऱ्याच्या आठवड्यात कंपनीची मोठी विक्री होती, तेव्हा कुणालाच सुट्टी नाही. प्रेमानंदभाऊ म्हणाले, "हाव, नियम म्हणजे नियम." ते यंदा नागपूरला गेले नाहीत. पांढरा सदरा मात्र घालून आले होते आणि दिवसभरात त्याला ग्रीसचा डाग पडला. मग दिवाळीसाठी चिठ्ठ्या. चार माणसं, चार दिवस, प्रत्येकाला एक सुट्टी. बाळाच्या वाटीत चिठ्ठ्या टाकल्या, एकेकानं उचलल्या. इंद्रभानला चतुर्दशी आली, रंगरावला लक्ष्मीपूजन, प्रज्वलला भाऊबीज आणि प्रेमानंदभाऊंना पाडवा. भाऊंनी ती चिठ्ठी दोनदा वाचली होती. तिनं ते पाहिलं होतं. इंद्रभान हा पन्नाशीचा, बोलघेवडा, त्याच्या तोंडाला कुणी लागत नसे. तो चिठ्ठीत डोकावून ओरडला, "आं? पाडवा प्रेमानंदले? वा रे वा! आता काय ताई, राजच तुमचं. चिठ्ठीलेही आपला माणूस समजते!"

सगळे हसले. प्रेमानंदभाऊही हसले. महामायाही हसली, पण ते हसू तिच्या तोंडावर तसंच वाळत राहिलं. घरी गेली तरी गेलं नाही. नवरा, संघर्ष, म्हणाला, "अगं, मस्करी केली त्यानं." ती म्हणाली, "तुला नाही कळायचं." खरं तर त्यालाच कळायला हवं होतं, तोही तसल्याच हसण्यांमधून वाट काढत मास्तर झाला होता. पण त्या दोन दिवसांत तिला कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. बाळाला पाजताना, भाजी चिरताना, स्कॅनरच्या लाल रेषेकडे बघताना एकच: आपला माणूस. उद्या हे पुण्याला जाईल. उद्या म्हणतील, बाई आपल्या लोकांचं पाहते. तिला वाटलं होतं ती बाबांसाठी फळा पुसते आहे. पण खुर्चीत बसल्यावर पाठीमागून कुणी काय म्हणेल याचीच भीती बाबांपेक्षा मोठी निघाली. तिसऱ्या दिवशी तिनं प्रेमानंदभाऊंना वजनकाट्याजवळ बाजूला घेतलं. "भाऊ, एक विनंती होती. इंद्रभानभाऊंकडे गायी आहेत. पाडव्याले त्यांच्याकडे गायगोधन असते. तुम्ही त्यांची चतुर्दशी घेतली तर... आणि तुम्हीच त्यांना म्हटलं तर बरं दिसेल." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. एखादं जड पार्सल उचलायच्या आधी त्याचा अंदाज घेतात तेवढं. मग म्हणाले, "चालते." काही काम होतं का तुमचं पाडव्याला, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं असतं तर तिला ते ऐकून काहीतरी करावं लागलं असतं. माणूस विचारत नाही तो काही नेहमीच विसरून नाही.

दीड वाजला, दोन वाजले. सासूबाईंचा फोन आला, ऑटो नाही, बाळाला वरणाचं पाणी पाजलं आहे, संध्याकाळी आणते. मागे बाळ किरकिरत होतं. तिचं अंग ठणकत होतं. तिनं आडोशात जाऊन हातानं थोडं दूध पिळून टाकलं, रुमालात, आणि तो ओला रुमाल हातात धरून बसून राहिली. लेकराच्या तोंडचं असं गोदामात सांडायचं म्हणजे आत काहीतरी ओरबाडल्यासारखं होई. मग पाणी पिऊन ती संगणकाच्या पडद्यासमोर आली. हिरवा ठिपका शेवटच्या तीन गावांतून फिरत होता, कुठेही चार मिनिटांच्या वर थांबत नव्हता. ती मनात मात्र भाऊंच्या घरच्या त्या खोलीत परत परत जात होती. लोखंडी खाटेवर बसलेले पाहुणे, शेजारून आणलेली खुर्ची. पोरीचं नाव सारिका, नर्सिंगला नागपूरला होस्टेलवर असते, दिवाळीचीच सुट्टी मिळते, हे तिला माहीत होतं. भाऊंनी तिच्या निकालाचे पेढे याच टेबलावर ठेवले होते. मग दारात निळा अंगरखा, पाठीवर गोणीएवढी पिशवी. बाप आला, पण पार्सल घेऊन. स्वतःच्या लेकीला म्हणाला असेल, मोबाईलवर नंबर आला तो सांग, बाई. तो नंबर घेतल्याशिवाय डबा देता येत नाही. पोरगी पाहुण्यांसमोर मान खाली घालून बापाला चार आकडे सांगते आहे. बाप ते टिपून घेतो आहे. हे तिला दिसलं आणि तिनं डोळे मिटले, तरी दिसत राहिलं.

साडेचारला प्रेमानंदभाऊ आले. गाडी स्टँडवर लावली, पिशवी झटकली, परत आलेली दोन पार्सलं टेबलावर ठेवली. चेहऱ्यावर धूळ होती आणि धुळीत डोळ्यांजवळ दोन स्वच्छ रेघा. उन्हानंही तसं होतं.

"भाऊ," ती म्हणाली, "मी परत फोन केला होता."

"पाह्यला मंग. गाडीवर होतो."

"पाहुणे...?"

"गेले असतीन आता." ते हातावर पाणी घेत होते. "मानसं चांगली हायेत. पोरगा खामगावले हाय, दवाखान्यात. पोरीनं मंग फोनवर सांगतलं, त्याचे काका म्हणे, सवडीनं कळवतो. त्यायनं इचारलं, पोरीचे वडील काय करते. तिची माय म्हणे, आत्ताच त गेले ना पार्सल देऊन." ते हसले. "मंग सगळेच हसले."

महामायाला हसता आलं नाही. "तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? चिठ्ठी निघाली तेव्हा? मी अदलाबदल म्हटलं तेव्हा?"

त्यांनी ओले हात पँटला पुसले. "चिठ्ठी निघाली त्याच सांजेले मी रोहिणखेडले फोन लावला होता, का पाडव्याले या. मंग दोन दिवसांनं तुमी म्हटलं. आता पाव्हण्यायले काय सांगू, दिवस बदला? त्यायच्याही घरी सुट्टी तेवढीच."

"पण मला तर सांगायचं!"

"तुमी इचारलं असतं त सांगतलं असतं." हे त्यांनी इतक्या साधेपणानं म्हटलं की तिला क्षणभर ते नीट लागलंच नाही. मग ते आवाज खाली घेऊन बोलले, "ताई, मले नाही का समजत? इंद्रभान बोलला तवा मीही तिथंच होतो. आपली पोरगी पहिल्यांदा खुर्चीवर बसली. एका दिवसासाठी तिच्यावर बोल कशाले आणू? म्हटलं, जाऊ दे."

रोजच्यासारखा त्यांनी कंपनीचा मोबाईल जमा करायला कव्हर काढलं. कव्हरातून चौकोनी घडी टेबलावर पडली. तिनं उचलली. तिचंच अक्षर. पाडवा, सुट्टी. घडीच्या ठिकाणी कागद मऊ झाला होता.

"पोरीले दाखवाले ठेवली होती," ते म्हणाले. "तिले म्हटलं, पाह्य, इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिवाळीतला दिवस नशिबानं निघाला. मंग काढाची राहून गेली."

तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि इंद्रभान आत आला. नवा सदरा, कपाळाला गंध, हातात स्टीलचा डबा. "आहे का कोणी कामाचं माणूस? प्रेमानंदा, बस बे! घरची करंजी हाय. ताई, तुमीही घ्या. आज तुमी राखणीले, म्हटलं आपण त घरी लोळून राह्यलो, डबा त न्यावा." त्यानं झाकण उघडून टेबलावर ठेवलं. महामायाला त्या डब्याकडे बघवेना. वर वर्तमानपत्र नव्हतं एवढाच फरक.

"काय केलं आज, इंद्रभानभाऊ?" ती कशीबशी म्हणाली. "गायगोधन झालं?"

"कोणत्या गायी?" तो करंजी तोंडात धरूनच म्हणाला. "गायी त मागल्या सालीच इकल्या ताई. चारा कोण पाह्यते? मी त धा वाजेपर्यंत झोपलो. मले त चतुर्दशीच बरी होती, अभ्यंग करून बायकोच्या हातचं खाल्लं असतं. पण हा प्रेमानंद म्हणे, मले चतुर्दशी पायजे, तू पाडवा घे. म्हटलं घे बाबा, चिठ्ठ्या उचलल्या तवाच तुले डोळा मारला होता देवानं!" तो मोठ्यानं हसला आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघून गडबडला. "काऊन ताई? काही चुकलं का? त्या दिवशीचं लागलं त नाही ना मनाले? ती त मजाक होती. आमच्या तोंडाले कुलूप नाही, तुमाले माहीत हाय."

"नाही," महामाया म्हणाली. "कुठं काय."

कुणीच काही मागितलं नव्हतं. एका माणसानं जाता जाता एक वाक्य टाकलं आणि तो ते विसरून घरी जाऊन जेवला. दुसऱ्यानं ते तिच्या वतीनं गिळलं. मधली सगळी न्यायाची खटपट तिची एकटीची होती. भीतीला तिनं नियमाचे कपडे घातले होते, आणि ते कपडे किती नेटके दिसत होते! चौघांना चार दिवस, एक सुट्टी कमी नाही की जास्त नाही. महादेवरावांच्या फळ्यावर निदान दसरा तरी होता.

साडेपाचला पडद्यावर चौकोन उमटायला लागले. बेचाळीस केंद्रं, बेचाळीस चेहरे, कुणाच्या मागे आकाशकंदील, कुणाच्या मागे गोण्या. पुण्याच्या साहेबांनी जाहीर केलं की सणाच्या तिन्ही दिवसांत वेळेवर पोचवण्यात चिखली केंद्र झोनमध्ये पहिलं. "महामाया, दोन मिनिटं. सणासुदीत टीम कशी सांभाळली, सगळ्यांना सांगा." तिच्या मुठीत चिठ्ठी होती. तिनं ठरवलं होतं. चिठ्ठी हातात घेतली तेव्हाच ठरवलं होतं, की सांगायचं. म्हणायचं, सर, आज पाऊण वाजता तुम्ही मला फोन केला तेव्हा माझा माणूस स्वतःच्या लेकीच्या पाहुण्यांसमोर बसला होता, आणि मी त्याला उठवून देलं. म्हणायचं, टीम मी सांभाळली नाही, टीमनं मला सांभाळलं. वाक्य जिभेवर तयार होतं. पण ते वाक्य तिच्याच बोलीत तयार झालेलं होतं, आणि पडद्यावरच्या चौकोनांकडे बघता बघता तिनं ते मनातल्या मनात पुण्याच्या भाषेत सारखं करायला घेतलं. 'उठवून देलं' कापलं, 'उठवलं' केलं. 'माणूस' काढला, 'सहकारी' घातलं. सारखं करता करता त्यातलं एकेक काहीतरी गळत गेलं, आणि तोंड उघडलं तेव्हा उरलं होतं ते हे: "नमस्कार. आमच्याकडे आम्ही सुट्ट्यांसाठी चिठ्ठ्या टाकतो. कुणावर अन्याय होत नाही. जात-धर्म, लहान-मोठा, असं काही न बघता सगळ्यांना समान संधी. आणि सहकारी एकमेकांना समजून घेतात, गरजेप्रमाणे अदलाबदल करतात, तेही स्वतःहून."

एकही शब्द चुकला नाही. एकदाही 'करून राहिले' आलं नाही. बेचाळीस चौकोनांत हात एकमेकांवर आपटत होते, आवाज बंद होता म्हणून नुसते आपटताना दिसत होते. साहेब म्हणाले, "ब्युटिफुल. ही चिठ्ठ्यांची आयडिया सगळ्यांनी घ्या." टेबलामागे प्रेमानंदभाऊ उद्याच्या गोण्यांना चिकटपट्टी लावत होते. चिकटपट्टीचा तो चर्रर्र आवाज तिच्या बोलण्याच्या वेळी मध्येच थांबला होता. आता पुन्हा सुरू झाला.

मीटिंग संपली तेव्हा दारात सासूबाई, बनाबाई, उभ्या होत्या, कडेवर बाळ. "किती रडवलं लेकराले," त्या म्हणाल्या, पण बाळ आईला बघून आधीच झेपावलं होतं. महामायाची ओढणी पुढून ओली झालेली होती. तिला ते कळायच्या आधी प्रेमानंदभाऊंना कळलं असावं. ते उठले, नेहमीप्रमाणे पाठ करून उभे राहिले आणि गोणीचा पडदा एका हातानं बाजूला धरला. ती आत गेली. पडदा पडला.

बाळ अधाशासारखं प्यायला लागलं. त्याच्या कपाळावर घाम होता, केसांना वरणाचा वास होता, आणि एक हात मोकळा होता तो तिच्या मुठीशी खेळत होता. तिनं मूठ उघडली. बाळानं चिठ्ठी धरली, चुरगळली, तोंडाकडे न्यायला गेलं. तिनं ती सोडवून घेतली तर ते दूध सोडून रागानं बघायला लागलं. "नाही माय," ती पुटपुटली, "हे नाही खायचं." समोर उलटा पेला होता, उलटी अक्षरं होती. बाहेर इंद्रभानचा आवाज आला, करंजी चावत, "काय बोलल्या बे ताई मिटिंगमधी? लई टाळ्या वाजवून राह्यले होते ते लोक."

"चिठ्ठ्याचं सांगतलं," प्रेमानंदभाऊ म्हणाले.

"अन्?"

चिकटपट्टी लांबवर ओढल्याचा आवाज आला, मग दातानं तोडल्याचा.

"अन् काय? चांगलं बोलल्या."

त्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. तिनं कान देऊन ऐकलं, पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. नव्हता. बाहेर डब्याचं झाकण लागलं, गाड्या सुरू झाल्या, सासूबाईंनी दोनदा हाक मारली. बाळ केव्हाच झोपलं होतं. तरी ती पडद्याबाहेर आली नाही.